डीएलएसवर एकाच नमुन्याचा आकार दर वेळी वेगळा येतो: कुठून तपासायला सुरुवात करायची?

डीएलएसवर (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या नॅनोकणांचा आकार विखुरलेल्या प्रकाशावरून काढायची पद्धत) एकाच बाटलीतला नमुना सकाळी मोजला तर ६८ नॅनोमीटर, दुपारी ९१, आणि दुसऱ्या दिवशी पीडीआय (कणांचे आकार किती विषम आहेत ते सांगणारा आकडा) ०.१८ वरून ०.४१ वर गेलेला. टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) तेच कण ४० च्या आसपास दिसतात. मग "मशीन बिघडलंय" किंवा "सॉफ्टवेअर चुकतंय" असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. दोष असतो तो क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत), किंवा आपण माध्यम म्हणून जी माहिती भरली तिच्यात.

डीएलएस आकार मोजत नाही. कणांच्या थरथरीमुळे विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता किती वेगाने चढउतार होते, एवढंच ते मोजतं. त्यातून सहसंबंधाचा आलेख, म्हणजे कोरिलोग्रॅम तयार होतो. त्यावरून विसरणांक (कण द्रवात किती वेगाने पसरतात ते), आणि विसरणांकाला तापमान व व्हिस्कॉसिटीची (द्रवाच्या घट्टपणाची) जोड देऊन स्टोक्स-आइनस्टाइन समीकरणातून व्यास. साखळीतली एक कडी चुकली तरी शेवटी आकडा येतोच. क्युव्हेटमध्ये नुसतं नळाचं पाणी ठेवलं तरी सॉफ्टवेअर झेड-अ‍ॅव्हरेज (सरासरी व्यास) छापून देतं. म्हणून आकड्यावर वाद घालण्याआधी कोरिलोग्रॅम उघडा.

कोरिलोग्रॅम वाचायला शिका

चांगला आलेख डावीकडे सपाट सुरू होतो, एकदाच गुळगुळीत उतरतो आणि उजवीकडे शून्यावर सपाट होतो. ६३३ नॅनोमीटरचा लेसर, १७३ अंशांचा कोन, २५ अंश सेल्सिअसचं पाणी आणि १०० नॅनोमीटरचे कण असतील, तर उतार साधारण १५० मायक्रोसेकंदांपाशी पडतो. निम्म्या आकाराचे कण असतील तर निम्म्या वेळात. हा अंदाज डोक्यात असला की सॉफ्टवेअरने "४०० नॅनोमीटर" सांगितलं आणि उतार मात्र १०० मायक्रोसेकंदांतच संपला, तर गडबड लगेच लक्षात येते.

डावीकडच्या टोकाची उंची म्हणजे इंटरसेप्ट. आजच्या बहुतेक उपकरणांत चांगल्या नमुन्याला ती ०.८५ ते ०.९५ दरम्यान येते. ती बरीच खाली असेल तर तीन शक्यता: नमुना इतका दाट आहे की एकच फोटॉन अनेक कणांवरून विखुरतोय, नमुना प्रतिदीप्त (लेसर पडल्यावर स्वतःही उजळणारा) आहे, किंवा कण इतके कमी आहेत की पार्श्वभूमीचाच गोंगाट जास्त आहे. उतार पूर्ण झाल्यावर दहा हजार ते लाख मायक्रोसेकंदांच्या भागात शेपटी वर उचललेली किंवा खडबडीत दिसली, तर तिथे मोठं काहीतरी तरंगतंय किंवा बुडतंय: धूळ, पुंजके, बुडबुडे.

यानंतर एकच मोजमाप घेऊन न थांबता सलग पाच-सहा मोजमापं घ्या, आणि झेड-अ‍ॅव्हरेजच्या शेजारी काउंट रेटचा (दर सेकंदाला डिटेक्टरवर येणाऱ्या फोटॉनांचा) स्तंभ ठेवा. या दोन स्तंभांची जोडी बरंच सांगते. आकार हळूहळू कमी होतोय आणि काउंट रेटही घसरतोय, तर मोठे कण तळाशी बसताहेत. आकार वाढतोय आणि काउंट रेटही वाढतोय, तर कण एकमेकांना चिकटताहेत. काउंट रेट स्थिर आहे पण आकार एकाच दिशेने सरकून मग थांबतो, तर तापमान अजून जुळलेलं नव्हतं. आणि काहीही नियम नसलेल्या उड्या असतील तर धूळ.

बसण्याचा वेग किती असतो, याची कल्पना हवी. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता सुमारे ४.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. त्याचा भरीव १ मायक्रोमीटरचा कण पाण्यात तासाला सुमारे ७ मिलिमीटर खाली येतो, तर १०० नॅनोमीटरचा कण तासाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर. म्हणजे मोजमापादरम्यान घसरण दिसत असेल, तर ती सुट्या नॅनोकणांची नव्हे, पुंजक्यांची आहे. इथे सोनिकेशनचा (ध्वनिलहरींनी पुंजके फोडण्याचा) वेळ वाढवून पाहता येतो. पण नमुन्यात दांडा बुडवायचा प्रोब सोनिकेटर वापरलात तर टोकाचा टायटॅनियमही झिजून नमुन्यात उतरतो. तो सेंट्रिफ्यूजवर थोडा वेळ फिरवून काढावा लागतो.

धूळ: नव्वद टक्के डोकेदुखी इथली

लेसरच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांसाठी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. म्हणून २० नॅनोमीटरचे कण मोजणाऱ्याला धुळीचा जो त्रास होतो तो ३०० नॅनोमीटरवाल्याला होत नाही, आणि दोघांनी एकमेकांना दिलेले सल्ले कधी कधी लागू पडत नाहीत.

नमुन्याच्या आधी माध्यम गाळा. पाणी, बफर, मिठाचं द्रावण, जे काही विरळ करायला वापरणार ते ०.२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून. कण ३० नॅनोमीटरच्या आतले असतील तर ०.०२ मायक्रोमीटरचा फिल्टर घ्या. नव्या फिल्टरमधले पहिले पाच-सात थेंब टाकून द्या, कारण फिल्टरचे स्वतःचे तंतू आणि ओलावा टिकवणारी रसायनं त्यात उतरतात. क्युव्हेट याच गाळलेल्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, उलटी ठेवून निथळवा. आतून टिशूने पुसू नका. टिशूचा एक धागा दिवसभर पुरतो. धरायची ती वरच्या कडेने. खालच्या एक-तृतीयांश भागावर बोटाचा ठसा उमटला की लेसर त्यातूनच आत जातो.

नमुना गाळावा का? कण ५० नॅनोमीटरचे असतील आणि फिल्टर ०.४५ मायक्रोमीटरचा असेल, तर बहुधा हरकत नाही. पण गाळण्याआधीचा आणि नंतरचा काउंट रेट ताडून पाहा. तो निम्म्यावर आला, तर तुम्ही धूळ नव्हे, नमुनाच गाळून टाकलात. प्रथिनं आणि काही पॉलिमर नायलॉनला चिकटतात. त्यांच्यासाठी पीईएस किंवा पीव्हीडीएफ या पॉलिमरचा फिल्टर-पडदा बरा. आणि पुंजके होताहेत का हेच शोधायचं असेल, तर नमुना गाळणं म्हणजे पुरावाच काढून टाकणं.

माध्यमाचं कोरं मोजमाप मात्र न चुकता घ्या: त्याच क्युव्हेटमध्ये, नमुन्याशिवाय. काउंट रेट अगदी कमी यायला हवा आणि कोरिलोग्रॅममध्ये सलग उतार दिसता कामा नये. या पायरीने एक मजेशीर गोष्टही उघड होते. शर्करेच्या द्रावणात, म्हणजे लायोफिलायझेशनसाठी (नमुना गोठवून वाळवण्यासाठी) घातलेल्या सुक्रोज किंवा ट्रेहॅलोजमध्ये, मूळच्याच अशुद्धीमुळे १०० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसतं. लिपोसोमच्या (चरबीच्या रेणूंच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) नमुन्यात ते दिसलं की लोक फॉर्म्युलेशनला दोष देत बसतात.

फ्रिजमधून काढलेला नमुना लगेच मोजायला घेऊ नका. थंड पाण्यात विरघळलेली हवा गरम होताना क्युव्हेटच्या भिंतीवर बारीक बुडबुडे धरते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणखी एक अडचण: हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे ४ अंशांवरून आलेल्या क्युव्हेटच्या बाहेर लगेच दव धरतं, आणि ते पुसलं तरी पुन्हा धरतं. झाकण लावून क्युव्हेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ४ किंवा १० अंशांवरच मोजायचं असेल, तर उपकरणाला कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची जोडणी देता येते का ते बघा.

किती विरळ, आणि कशाने

दाटपणा योग्य आहे का हे ठरवायची एकच खात्रीची पद्धत आहे: नमुना मूळ, निम्मा, पाचवा आणि दहावा हिस्सा असा विरळ करून चारही मोजा. आकार ज्या टप्प्यात बदलत नाही, तिथे मोजा. फार दाट नमुन्यात प्रकाश वारंवार विखुरल्याने आकार खऱ्यापेक्षा लहान दिसतो आणि पीडीआय फुगतो. मात्र कणांच्या गर्दीने हालचाल अडली तर आकार मोठाही दिसू शकतो, त्यामुळे "दाट म्हणजे लहान" हे सूत्र पाठ करून चालणार नाही. फार विरळ नमुन्यात काउंट रेट कोऱ्या माध्यमाच्या जवळ येतो. झेटासायझरसारख्या डीएलएस यंत्रात लेसरचा प्रकाश कमी-जास्त करणारा अ‍ॅटेन्युएटर ११ वर गेला, म्हणजे पूर्ण उघडला, आणि तरी काउंट रेट रडतखडत येतोय, तर कण कमी पडताहेत.

कशाने विरळ करायचं यात जास्त घोळ होतो. नियम साधा: कण ज्या द्रावणात आहेत तेच द्रावण, पण कणांशिवाय. ते मिळवायला नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ द्रव गाळून घ्या, किंवा तीच कृती कणांशिवाय करून द्रावण बनवा.

सायट्रेटने स्थिर केलेलं सोनं हे याचं उत्तम उदाहरण. ते पीबीएसमध्ये (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) विरळ केलं, की १३७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड कणांमधलं विद्युत-अपकर्षण झाकून टाकतं आणि काही मिनिटांत लाल रंग जांभळा, मग निळसर होतो. डीएलएस त्या वेळी ३०० नॅनोमीटर सांगत असेल तर ते खरंच सांगतंय. अशा कणांना त्याच तीव्रतेच्या सायट्रेट द्रावणात विरळ करा. उलट टोक म्हणजे अगदी शुद्ध पाणी. त्यात आयन नसल्याने कणाभोवतीचा विद्युतथर दूरवर पसरतो, कण थोडे हळू हलतात आणि आकार काही नॅनोमीटरने मोठा येतो. म्हणून पॉलिस्टायरीन लॅटेक्सचे (ठरलेल्या आकाराच्या प्लास्टिक-कणांचे) प्रमाणित नमुने १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये विरळ करायला सांगतात: १०० मिलिलिटर पाण्यात ५८ मिलिग्रॅम. तिथे हा थर सुमारे ३ नॅनोमीटरवर आटोपतो.

सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) असेल तर दोन्हीकडून पंचाईत. एसडीएस हा सर्फॅक्टंट सुमारे ८ मिलिमोलरच्या वर असेल तर त्याचे मायसेल (रेणूंचे गोळे) ४-५ नॅनोमीटरला वेगळं शिखर देतात. आणि नुसत्या पाण्याने विरळ करत त्याच्या बरंच खाली गेलात, तर कणांवरचं आवरण सुटून ते एकमेकांना चिकटू लागतात.

व्हिस्कॉसिटी आणि तापमान

यादीतून "वॉटर" निवडून पुढे जायची सवय इथे महागात पडते. २५ अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.८९ मिलिपास्कल-सेकंद आणि शुद्ध इथेनॉलची सुमारे १.०७. मग अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची ०.९८ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात वजनाने निम्म्या-निम्म्या मिश्रणाची सुमारे २.४ असते, दोघांपेक्षाही कितीतरी जास्त. नॅनोप्रेसिपिटेशननंतर (इथेनॉलमधलं द्रावण पाण्यात मिसळून कण बनवल्यावर) इथेनॉल उडवून न लावता नमुना मोजला आणि माध्यम "वॉटर" ठेवलं, तर ८० नॅनोमीटरचा कण २१६ दाखवेल. दुपारपर्यंत थोडं इथेनॉल उडून गेलं की तोच कण वेगळा आकडा देईल, आणि "आकार बदलतोय" अशी तक्रार सुरू होईल. १०% सुक्रोजमध्येही व्हिस्कॉसिटी सुमारे १.१७ पर्यंत जाते. पाण्याची किंमत ठेवली तर आकार ३०% जास्त येतो. पीबीएस मात्र पाण्याच्या इतकं जवळ आहे की फरक दोनेक टक्क्यांचा.

यात दिलासा एवढाच की मोजमाप पुन्हा घ्यावं लागत नाही. व्यास हा भरलेल्या व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात असतो. सॉफ्टवेअरमध्ये जुना निकाल उघडून माध्यमाची माहिती बदला आणि पुन्हा गणित करून घ्या. मिश्रणाची किंमत कुठे सापडत नसेल तर साध्या केशनलिका व्हिस्कोमीटरवर मोजून घ्या, अंदाज भरू नका. माध्यमाचा अपवर्तनांकही गणितात वर्गाने येतो: १.३६ च्या जागी १.३३ राहिला तर आकार सुमारे ४% कमी येतो.

तापमानाचा एक अंश चुकला की आकार दोन-अडीच टक्क्यांनी हलतो. त्यासाठी १ मिलिलिटर नमुन्याला निदान १२० सेकंद थांबा. खोली आणि ठरवलेलं तापमान यांत फार अंतर असेल तर आणखी. क्युव्हेट काठोकाठ भरू नका. १०-१५ मिलिमीटर उंची पुरते. जास्त भरलं की वरचा भाग तापमान-नियंत्रित पेटीच्या बाहेर राहतो आणि आत संवहनाचे प्रवाह सुरू होतात.

टोल्युइन, क्लोरोफॉर्म किंवा अ‍ॅसिटोन असेल तर पॉलिस्टायरीनची टाकाऊ क्युव्हेट अजिबात नको. ती धुरकट होते, मग विरघळू लागते, आणि तुम्ही क्युव्हेटच मोजता. काच किंवा क्वार्ट्झ घ्या.

५ नॅनोमीटरचं शिखर आणि "नंबर"चा मोह

हा भाग सोन्याच्या कणांवर काम करणाऱ्यांसाठी. ४०-५० नॅनोमीटरच्या वरच्या सोन्यात तीव्रतेच्या वितरणात ५ ते १० नॅनोमीटरच्या आसपास एक छोटं शिखर दिसतं. ते लहान कणांचं असेलच असं नाही. सोन्याचे कण पूर्ण गोल नसतात, आणि ते स्वतःभोवती फिरताना जो जलद चढउतार होतो, तो सॉफ्टवेअर वेगाने सरकणाऱ्या लहान कणासारखा वाचतं.

तीव्रतेच्या वितरणात हे शिखर २% दिसतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग "नंबर"चं, म्हणजे कणांच्या संख्येनुसार वितरण दाखवणारं, बटण दाबलं जातं. समजा ५ नॅनोमीटरला २% आणि ६० नॅनोमीटरला ९८% आहे. दोन्ही आपापल्या व्यासाच्या सहाव्या घाताने भागले, की प्रत्येक खऱ्या कणामागे सुमारे ६१ हजार खोटे कण जन्माला येतात, आणि प्रबंधात "सरासरी आकार ५ नॅनोमीटर" छापलं जातं. टीईएमशी आकडा जुळवण्यासाठी नंबरचं वितरण निवडणं ही पद्धत किती रुळलेली असली तरी चुकीचीच.

शिखर खरं की खोटं हे तपासता येतं. १ मिलिलिटर नमुना सेंट्रिफ्यूजवर सुमारे १,२०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,२०० पट) ला अर्धा तास फिरवा. ६० नॅनोमीटरचं सोनं तळाशी बसेल. ५ नॅनोमीटरचं बसणार नाही. वरचा द्रव हलकेच काढून तोच मोजा. त्यात काउंट रेट कोऱ्या माध्यमाइतकाच आला, तर लहान कण नव्हतेच. यंत्रात ध्रुवीकरणाचा फिल्टर निवडता येत असेल तर उभ्या ध्रुवीकरणाने मोजून पाहा. फिरण्यातून आलेलं शिखर बरंच दबतं. नॅनोरॉडला (सळईसारख्या कणांना) तर असं दुसरं शिखर येणारच, तिथे डीएलएसचा आकडा फक्त तुलनेपुरता ठेवा.

टीईएमपेक्षा डीएलएसचा आकडा मोठा येणं हे बिघाडाचं लक्षण नाही. टीईएम धातूचा गाभा पाहतं, डीएलएस त्यावरचं आवरण आणि सोबत ओढलं जाणारं पाणी धरून मोजतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानक संस्थेच्या १० नॅनोमीटर सोन्याच्या संदर्भ नमुन्यालाच (आरएम ८०११) टीईएमवर ८.९ आणि डीएलएसवर १३.५ नॅनोमीटर दिलेले आहेत. फरक तिपटीचा असेल तेव्हा पुंजक्यांचा संशय घ्या.

कणांचा अपवर्तनांक फक्त आकारमान आणि संख्येच्या वितरणासाठी लागतो. झेड-अ‍ॅव्हरेजला आणि तीव्रतेच्या वितरणाला नाही. पॉलिस्टायरीनला १.५९ भरा. ६३३ नॅनोमीटरला सोन्यासाठी ०.२ आणि शोषण ३.३. सोन्याला चुकून १.५९ राहिलं तर संख्येचं वितरण निरर्थक होतं.

साय-५ सारखा प्रतिदीप्त रंग जोडलेला असेल तर इंटरसेप्ट घसरलेला दिसेल. अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावा, नाहीतर रंग न लावलेली तुकडी मोजा.

सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज

दोन दिवसांचे निकाल ताडायचे असतील तर मोजण्याची जागा, अ‍ॅटेन्युएटर आणि उपमोजमापांची संख्या स्वयंचलित न ठेवता एकदा ठरवून कायम करा. विश्लेषणाचं मॉडेल बदललं की शिखरांची रुंदी आणि संख्याही बदलते: "जनरल पर्पज" आलेख गुळगुळीत करतं, "मल्टिपल नॅरो मोड्स" शिखरं फोडून दाखवतं. दोन आकारांत निदान तिपटीचं अंतर नसेल तर डीएलएस त्यांना वेगळं करू शकत नाही, त्यामुळे ६० आणि ९० ची दोन शिखरं कुठल्या मॉडेलने दाखवली तर त्यांच्यावर विश्वास टाकू नका. पीडीआय ०.१ च्या आत असेल तर झेड-अ‍ॅव्हरेज निर्धास्त लिहा. ०.४-०.५ ला तो लिहिताना तीव्रतेचं वितरण सोबत जोडा. ०.७ च्या वर नमुना या पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहे. टीईएम, एनटीए (एकेका कणाचा माग काढून मोजणारी पद्धत) किंवा सेंट्रिफ्यूजवर आधारित पद्धत बघा. विषम नमुन्यात ९० आणि १७३ अंशांची उपकरणं वेगवेगळे आकडे देतील, तेही बरोबरच.

एवढं करूनही शंका उरली तर ६० किंवा १०० नॅनोमीटरचा प्रमाणित लॅटेक्स काढा. बाटली हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. एक थेंब गाळलेल्या १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडच्या काही मिलिलिटरमध्ये टाका. लेसर सुरू करून अर्धा तास झालेला असावा. २५ अंशांना पाच मोजमापं घ्या: आकार प्रमाणपत्रातल्या पट्ट्यापासून २% च्या आत आणि पीडीआय ०.१ च्या खाली हवा. तसं आलं तर यंत्र निर्दोष आहे, नमुन्याकडे परत या. नाही आलं तर आधी लॅटेक्सची मुदत पाहा, आणि बाटली कधी चुकून फ्रीझरमध्ये गेली होती का तेही विचारा, कारण गोठलेला लॅटेक्स कायमचा गुठळतो. मग नवी क्युव्हेट, मग क्युव्हेटच्या खोबणीतली काच साफ करणं. सर्व्हिस इंजिनीयरला फोन त्यानंतर, आणि फोन करताना लॅटेक्सचे पाचही कोरिलोग्रॅम हाताशी ठेवा.